जेवणाची सुट्टी

व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘वाढत्या मुलांचे जेवण आणि आपले घर’ असे सांगितले. ते क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिले. संप, बोनस, कंत्राटी पद्धत सोडून हा माणूस आज स्वयंपाकघरात कशाला शिरतो आहे, असे त्यांना वाटले असावे. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्याच्या दरवाजावर झाले. आहारशास्त्राचा मी पंडित नव्हे. परंतु तीस वर्षे कामगारांच्या पाळ्यांचा हिशेब ठेवताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. कामगार किती वाजता घरी येतो यावर त्याच्या घरातले पोर काय खाते आणि काय खात नाही, हे पुष्कळसे ठरत असते. ती गोष्ट मला कशी कळली, हे आधी प्रांजळपणे सांगतो.

माझी मुलगी नववीत असतानाचा प्रसंग आहे. शाळेच्या मैदानावर ती चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी रक्त तपासले. या वयाच्या मुलीच्या रक्तात हिमोग्लोबिन निदान बारा असावे, असे मानतात. तिचे आठच्या घरात होते. मला वाटले, डॉक्टर आता ‘ही काय खाते?’ असे विचारतील. त्यांनी विचारले, ‘‘अहो, ही जेवते केव्हा?’’ मी गप्प. उत्तर मला ठाऊकच नव्हते. पत्नी हळूच म्हणाली, ‘‘हे आल्यावर.’’

‘हे’ म्हणजे मी. आणि मी यायचो दहाला, कधी अकराला. द्वारसभा, वाटाघाटी, पत्रके यांतून सुटका होईल तेव्हा. आल्यावर मी आणि मुलगा जेवायला बसायचो. मायलेकी वाढायच्या. आमचे झाले म्हणजे टोपल्यात उरलेली भाकरी आणि पातेल्याच्या तळाचे कालवण घेऊन त्या दोघी बसायच्या. पोरीचा डोळा तोवर झोपेने जड झालेला असायचा. अर्धी भाकरी चहात बुडवून खायची आणि झोपायची. सकाळी साडेसहाला शिकवणी; न्याहारी म्हणजे पुन्हा चहा आणि दोन टोस्ट. त्याच महिन्यात मी एका कारखान्यात जेवणाच्या सुट्टीची दहा मिनिटे कापली म्हणून मोठे भाषण ठोकले होते! दुसऱ्याच्या ताटाचा हिशेब मी मिनिटांनी ठेवीत होतो, आणि माझ्या लेकीचे ताट रोज माझी वाट पाहत थंड होत होते.

आता या प्रसंगामागचे शास्त्र पाहू. दहा ते एकोणीस या वयाला किशोरवय म्हणतात. बालपणीची पहिली दोन वर्षे सोडली तर माणूस इतक्या झपाट्याने पुन्हा कधीच वाढत नाही. मुलींची ही उसळी आधी येते, मुलांची वर्षा-दोन वर्षांनी मागून येते. हाडे लांब होतात, स्नायू भरतात, अंगातले रक्त वाढते. रक्त वाढवायचे तर लोह लागते. मुलींची पाळीही याच वयात सुरू होते, म्हणजे एकीकडे रक्त वाढवायचे आणि दुसरीकडे दर महिन्याला थोडे गमवायचे, असा दुहेरी खर्च असतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली जे प्रमाण ठरवून दिले ते पाहण्यासारखे आहे. प्रौढ पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह पुरते. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलाला २२ लागते, आणि त्याच वयाच्या मुलीला ३०. म्हणजे बापाच्या दीडपट. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाला दिवसाला ३३२० उष्मांक लागतात. बसून काम करणाऱ्या माणसाला २११० पुरतात. तेव्हा ‘हा पोरगा मेला किती खातो!’ असे आपण कौतुकाने किंवा वैतागाने म्हणतो, त्यात पोराचा दोष नाही. त्याचे शरीर आपली मजुरी मागत असते.

हे आकडे आणि आपल्या घरातली पंगत शेजारी शेजारी ठेवून पाहा. ज्याची गरज मध्यम, तो कर्ता पुरुष आधी जेवतो. ज्याची भूक मोठी, तो मुलगा त्याच्याबरोबर बसतो. आणि जिला लोहाची सर्वांत अधिक गरज, ती मुलगी शेवटी बसते. पातेल्यात वरची भाजी आधी संपते आणि तळाशी रस्सा उरतो, हे आपल्या आयाबहिणींना मी सांगायला नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ या फेरीत असे आढळले की देशातल्या पंधरा ते एकोणीस वर्षांच्या शंभर मुलींपैकी ५९ मुलींना रक्तक्षय आहे. त्याच वयाच्या शंभर मुलांपैकी ३१ जणांना. रक्तक्षयाची कारणे अनेक असतात. पाळीचा रक्तस्राव आहे, जंत आहेत, गरिबी आहे. सगळा दोष पंगतीच्या क्रमावर टाकणे बरोबर होणार नाही. पण पंगतीचा क्रम हे एक कारण असे आहे की जे बदलायला एक पैसा लागत नाही.

घरातल्या वागणुकीचा मुलांच्या खाण्यावर परिणाम होतो, हे इतर देशांतही तपासून पाहिले गेले आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९९८-९९ च्या सुमारास ४७४६ शाळकरी मुलामुलींना त्यांच्या जेवणाविषयी विचारले. ज्या घरांत सगळे मिळून वरचेवर जेवतात, तिथली मुले फळे आणि भाज्या अधिक खातात आणि बाटलीतली गोड पेये कमी पितात, असे निघाले. २०११ साली अशा सतरा पाहण्या एकत्र करून पुन्हा हिशेब मांडण्यात आला. आठवड्यातून तीन किंवा अधिक वेळा कुटुंबाबरोबर जेवणाऱ्या मुलांचे खाणे इतरांपेक्षा बरे असते, असाच कौल त्यातून मिळाला.

इथे मात्र एक शंका घ्यायला हवी, आणि कामगाराच्या माणसाने तर ती घ्यायलाच हवी. जे कुटुंब रोज रात्री आठला एकत्र जेवू शकते त्या कुटुंबातल्या कर्त्याची नोकरी बरी असते, पगार पुरेसा असतो, घरात शांतता असते. मग मुलाचे भले झाले ते एकत्र जेवल्यामुळे, की ज्या सुस्थितीमुळे एकत्र जेवता आले तिच्यामुळे? शास्त्रज्ञांनी हा फरक वेगळा काढण्याचा प्रयत्न केला आहे, पण तो पूर्णपणे निघत नाही. म्हणून ‘घरच्यांनी एकत्र जेवावे’ एवढा उपदेश करून मी मोकळा होणार नाही. एकत्र जेवायला वेळ लागतो, आणि तो वेळ ज्याच्या त्याच्या हातात नसतो.

आपल्या जिल्ह्याचेच पाहा. अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचे अहिल्यानगर, हा जिल्हा एका जातीचा नाही की एका चुलीचा नाही. नागापूरच्या किंवा सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत तीन पाळ्यांत काम करणाऱ्याच्या घरी दर आठवड्याला घड्याळ बदलते. बाप दुसऱ्या पाळीला असला तर पोर शाळेतून येते तेव्हा बाप गेलेला असतो आणि बाप येतो तेव्हा पोर झोपलेले असते. नगर शहरात आणि संगमनेरात विड्या वळणाऱ्या बायांची घरे आहेत. माझी आई विड्याच वळायची. सूप मांडीवर घेतलेले, हात चालू, आणि हजाराचा आकडा पुरा झाल्याखेरीज उठायचे नाही. मजुरी नगावर असली की प्रत्येक जेवण म्हणजे खाडा वाटतो. आई आम्हाला म्हणायची, ‘‘घ्या हातानं दुरडीतली.’’ आम्ही चौघे चार वेळांना घ्यायचो. एकत्र जेवण म्हणजे सणाचा दिवस.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून दिवाळीच्या पुढेमागे ऊसतोडीला टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. १९५० साली प्रवरानगरला सहकारी कारखान्याचे धुराडे पेटले, त्यातून या जिल्ह्याचा मोठा उत्कर्ष झाला, हे मी कृतज्ञतेने म्हणतो. पण त्या उसाच्या मोळीबरोबर घरेही बांधली जातात आणि उचलली जातात. तेरा-चौदा वर्षांची मुलगी आईबापांबरोबर गेली तर पहाटे कोपीवर भाकऱ्या थापायला तीच असते. शाळा सुटते आणि चूल गळ्यात पडते. मागे राहिली तर आजीजवळ राहते. आजीचे दात गेलेले, भूक मेलेली. ती आपल्या भुकेच्या मानाने रांधते. अशा घरातल्या वाढत्या पोराला पाच रुपयांचा पुडा गोड लागतो यात नवल ते काय? पुडा उघडायला चूल लागत नाही आणि वाढायला कोणी लागत नाही.

पुड्याचे नाव निघाले आहे तर त्याचाही विचार करू. मीठ, तेल, मैदा आणि साखर यांचे मिश्रण जिभेला लगेच पटते आणि पोट क्षणभर भरल्यासारखे वाटते. त्यात उष्मांक असतात, पण रक्ताला आणि हाडांना लागणारे फारसे काही नसते. पण मुले त्याकडे वळतात ती नुसत्या जिभेपायी नव्हेत. पाच वाजता शाळा सुटते, तेव्हा भूक कडाडून लागलेली असते. घरात काही तयार नसते. हातात दहा रुपये दिलेले असतात, कारण वेळ देता येत नाही म्हणून आपण पैसा देतो. चौकात मित्र असतात, वड्याची गाडी असते. या वयात मित्रांबरोबर खाणे ही एक बरोबरी असते, एक मान असतो. आपण चहाच्या टपरीवर उभे राहतो ते काय चहाच्या चवीसाठी? तेव्हा गाडीवाल्यावर रागावून उपयोग नाही. गाडीवाला पाच वाजता हजर असतो. आपण नसतो.

ताटावर आपण काय बोलतो, हाही विचार करण्याजोगा भाग आहे. दिवसभरात पोर सापडते ते जेवताना, म्हणून परीक्षेचे गुण, मोबाइल, शेजारच्याचा मुलगा, सगळी चौकशी तिथेच होते. मुलगी असेल तर ‘जाड झालीस’, मुलगा असेल तर ‘अंगाला काही लागतच नाही’. पोर काय शिकते? ताट ही चौकशीची जागा आहे. तिथून लवकर उठावे. ‘मला भूक नाही’ हे किशोरवयातले वाक्य पुष्कळ वेळा पोटाचे नसते, मनाचे असते. कारखान्यात साहेब जेवणाच्या सुट्टीत येऊन कामाचा हिशेब मागू लागला तर आपण काय करू? आपण म्हणू, साहेब, सुट्टी आहे. पोराला तसे म्हणता येत नाही, म्हणून ते ताट सरकवते.

मोठ्यांच्या नुसत्या सांगण्यापेक्षा त्यांच्या वागण्यातून मूल अधिक शिकते, हे तर जुनेच सत्य आहे. बाप भाकरीवर भाजी न घेता चहा पिऊन बाहेर पडत असेल तर मुलाला पालेभाजीचे महत्त्व सांगणे हास्यास्पद होय. आणि चहाविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. चहातील तुरट द्रव्य अन्नातले लोह बांधून ठेवते, मग ते अंगाला लागत नाही. म्हणूनच जेवणाच्या आधी आणि नंतर निदान तासभर चहा-कॉफी घेऊ नये, असे २०२४ च्या राष्ट्रीय आहार-मार्गदर्शनात सांगितले आहे. उलट लिंबू, आवळा, पेरू यांतील आंबट गुण भाजी-भाकरीतले लोह पचनी पाडायला मदत करतो. माझी लेक भाकरी चहात बुडवून खायची. भाकरीतले लोह असे चहातच अडकून पडत होते.

भाकरी हा आपल्या जिल्ह्याचा अभिमान आहे, आणि तो पोकळ नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेबरोबर ‘धनशक्ती’ नावाचा बाजरीचा वाण तयार केला. २०१२ साली तो महाराष्ट्रात शेतकऱ्यांना मिळाला. साध्या बाजरीहून त्यात लोह अधिक आहे. अशाच लोहयुक्त बाजरीची परीक्षा महाराष्ट्रातल्या बारा ते सोळा वर्षांच्या २४६ शाळकरी मुलामुलींवर घेण्यात आली, आणि तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. निम्म्यांना लोहयुक्त बाजरीची भाकरी, निम्म्यांना साध्या बाजरीची. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा, ज्यांच्या अंगात सुरुवातीला लोह कमी होते त्यांच्यापैकी लोहयुक्त भाकरी खाणाऱ्यांची उणीव भरून निघण्याचे प्रमाण दुसऱ्या गटाच्या १.६४ पट होते. औषधाच्या गोळीचे मोल मी कमी करीत नाही. डॉक्टरांनी दिली तर ती घेतलीच पाहिजे, माझ्या लेकीनेही घेतली. पण भाकरीतही गुण आहे, एवढे त्यावरून सिद्ध होते.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. नातू आजारी पडला तेव्हा घरात येणाऱ्या अन्नाचा त्यांनी विचार केला आणि गावठी वाल, भाज्या, भात यांचे बियाणे जपण्याचे काम अंगावर घेतले, असे त्या सांगतात. एका आजीच्या काळजीतून बियाण्यांची बँक उभी राहिली. परसात दोन वेल आणि एक शेवग्याचे झाड असेल तर भाजीसाठी बाजाराची वाट पाहावी लागत नाही. ज्यांना परस नाही, त्यांच्यासाठी हुलगे, मटकी, शेंगदाणे, फुटाणे आहेत. आपल्याकडचे हुलग्याचे शेंगोळे आजची मुले ‘म्हाताऱ्यांचे खाणे’ म्हणून नाके मुरडतात. पण ते शेंगोळे वळायला पोरांना जवळ बसवा. ज्या पदार्थाला आपला हात लागला तो पदार्थ पोर टाकीत नाही, हा अनुभव आहे. आणि वळायला मुलगीच का? मुलगाही बसू द्या. ज्याला पीठ मळता येते तो दुपारी घरात एकटा असला तरी उपाशी राहत नाही आणि पुड्याकडे धावत नाही.

घराने करायचे ते मी थोडक्यात सांगतो. चोवीस तासांत एक वेळ अशी ठरवा की जेव्हा घरातली जास्तीत जास्त माणसे ताटावर असतील. ती रात्रीचीच असली पाहिजे असे नाही. दुसऱ्या पाळीवाल्याच्या घरी ती सकाळची न्याहारी असेल. वाढताना वाढत्या पोराचे आणि घरातल्या बाईचे ताट आपल्याबरोबरच मांडा. पाच वाजताच्या भुकेसाठी डब्यात गूळ-शेंगदाणे, फुटाणे, सकाळची भाकरी आणि चटणी काढून ठेवा, आणि ती कुठे ठेवली आहे ते पोराला सांगा. चहा जेवणापासून दूर न्या. ताटावर हिशेब मागू नका. आणि मोबाइल बाजूला ठेवायचा तर आधी बापाने ठेवावा.

परंतु सगळे ओझे घरावर टाकून समाजाला हात झटकता येणार नाहीत. आपल्या शाळांत दुपारचे जेवण मिळते. १९९५ साली ही राष्ट्रीय योजना सुरू झाली; २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न द्या असा आदेश दिला; २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो मुलांचा हक्क झाला. पण हा हक्क आठवीपर्यंतचा आहे. म्हणजे चौदाव्या वर्षी, जेव्हा शरीराची मागणी सर्वांत मोठी होते, नेमके तेव्हाच शाळेतले ताट उचलले जाते! ज्या नववीत माझी पोर मैदानावर पडली, ती ही नववी. तामिळनाडूने आपली योजना १९८४ सालीच दहावीपर्यंत नेली. आपल्या महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह उघडले. तिथल्या सर्व जातींच्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिले. त्या माउलीला मुलाची इयत्ता विचारावीशी वाटली नाही. आपणही दहावीपर्यंतच्या जेवणाची मागणी केली पाहिजे. ऊसतोडीच्या हंगामात मागे राहणाऱ्या मुलांसाठी वसतिगृहे वेळेवर, हंगामाच्या पहिल्या दिवशी उघडली पाहिजेत. आणि कारखान्यांनी पाळ्यांचे वेळापत्रक महिनाभर आधी लावले, तर कामगाराला घरची वेळ ठरवता येईल. ही मागणी पगाराच्या मागणीइतकीच महत्त्वाची आहे, असे मी आता माझ्या सहकाऱ्यांनाही सांगतो.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून जे अर्ज केले त्यांत रविवारची सुट्टी होती आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांतीही होती. साडेपाच हजार कामगारांनी त्यावर सह्या-अंगठे केले. १८९० साली रविवार मिळाला आणि १८९१ च्या कायद्यात तो अर्धा तास आला. आज आपण जिला सहजपणे ‘जेवणाची सुट्टी’ म्हणतो, ती अशी मागून, भांडून मिळालेली आहे. हातातले काम खाली ठेवून, कोणाचे बोलणे न ऐकता, आपल्या माणसांबरोबर चार घास खाणे हा माणसाचा हक्क आहे, हेच तर लोखंडे सांगत होते.

तो अर्धा तास आपण कारखान्यात आणला. घरात आणायचा राहिला. माझी मुलगी आता मोठी झाली आहे, नोकरी करते, तिची तब्येत उत्तम आहे. डॉक्टरांकडून आलो त्या रात्री मी घरी एक नियम केला: आठ वाजता घरात जे असतील ते सगळे जेवायला बसतील, माझ्यासाठी कोणी थांबायचे नाही. पहिल्या आठवड्यात पत्नीला ते फार जड गेले. मला वाटते, मलाही गेले. दहाला येऊन एकट्याने झाकलेले ताट उघडताना पुरुषाला जे वाटते ते मी प्रथमच अनुभवले, आणि मग मी सभा साडेसातला आटोपू लागलो. संघटनेचे त्यामुळे काही बिघडले नाही.